साठावी वाटी

एल्विटो पणजीहून आला तेव्हा म्हणाला,
या साखळीला खिडक्या नाहीत.
करार आत बसलेला असतो, दार लावून.
बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.
जयतूने विचारलं, म्हणजे ऑफिस साखळीला?
डिचोलीवरून जावं लागेल?
आम्ही हसलो.
त्याने मोबाईलवर अंगठा टेकवला.

सांगणारे तीन.
आभाळातला उपग्रह,
मोपाच्या विमानतळावरचा मापक,
आणि आगरवाड्याच्या शाळेच्या गच्चीवरचं नरसाळं,
ज्याची राखण माझ्याकडे, महिना आठशे रुपये.
तिघांतला मधला आकडा खरा मानायचा.
चोवीस तासांत बारा मिलिमीटर झाले
की मिठागरवाल्याच्या खात्यात पैसे.
अर्ज नाही, पंचनामा नाही,
तलाठ्यामागे चपला झिजवणं नाही.
एल्विटो या तिघांना ओरॅकल म्हणायचा.
शेवंती म्हणाली, कौल म्हण की सरळ.

कौल मी पाहिलेत.
मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात,
गाऱ्हाणं घालतात, मग सगळे गप्प.
उजवी पडली तर हो.
आमच्या नरसाळ्याखाली दोन इवल्या वाट्या, जोडून बसवलेल्या.
एक भरली की उजवीकडे कलते, मग दुसरी डावीकडे.
दर कलण्याला टक्.
दर टक् म्हणजे शून्य पूर्णांक दोन.

एप्रिलची एकवीस.
रात्री अडीचला छपरावर वाजायला लागलं.
पहाटे वाफ्यांत मीठ नव्हतं,
नुसतं पाणी, आणि त्यात
मानशीवरच्या दिव्याची वाकडी रेघ.
बांधावरची रास एका अंगाने खचलेली,
शेवंती तिच्यावर माडाची झावळं ओढत होती, उगाच.

मोबाईलवर:
उपग्रह तेरा पूर्णांक एक.
मोपा नऊ पूर्णांक चार.
शाळा शून्य.

मी धावले.
हवामानाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो.
नरसाळ्याच्या गळ्यात कुंभारीण माशीने घर बांधलं होतं,
सुपारीएवढं, वर मडक्यासारखी कड.
मागच्या आठवड्यात दिसलं होतं मला.
ती हिरवी अळी ओढत आत नेत होती,
म्हटलं, राहू दे, पाऊस कुठे आहे आता.

वर पाणी तसंच तुंबलेलं. रात्रीचं.
माडाचा हीर घेऊन टोचलं.
टक्. उजवी.
टक्. डावी.
खराच पाऊस, सहा तास उशिरा.
मी तो पाडत होते की नुसती वाट देत होते,
याबद्दल एल्विटोच्या कागदात कलम नाही.
चाळीस.
खाली जयतू डब्याने वाफा उपसत होता,
एकदाही वर बघत नव्हता.
छप्पन्न. सत्तावन्न.
अठ्ठावन्न.
एकोणसाठ.

मग थांबलं.
वाटी अर्धी भरून तशीच.
अकरा पूर्णांक आठ.
साठावी डावीकडे पडायची होती,
डावा कौल, आणि हो म्हणणारा.

उरलेलं पाणी कुठे गेलं ते मला ठाऊक होतं.
माशीच्या घराची माती माझ्या मुठीत होती,
रात्रभर प्यालेली, गच्च.
तेही पावसाचंच.
शाळेचा नळ हातभर लांब होता,
त्याच्याकडे मी बघितलं नाही, एवढं लिहून ठेवते.

आठ सत्तावीस.
मातीत काहीतरी वळवळलं.
जयतूचा डबा थांबला.
मूठ नरसाळ्यावर होती,
आणि सगळे गप्प.